साहेबराव मिस्त्रींचा डावा गुडघा

चाकूरच्या साहेबराव सोनकांबळ्यांनी आयुष्याची चाळीसेक वर्षं गुडघ्यावर काढली असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल हा माणूस कुणापुढे तरी वाकून जगला. तसं काही नव्हतं. फरशी बसवणाऱ्याला गुडघ्यावर बसल्याशिवाय गत्यंतर नसतं. डावा गुडघा जमिनीला, उजवा पाय पुढे रोवलेला, गुडघ्याखाली घडी केलेलं पोतं, समोर सिमेंट-वाळूचा ओला माल आणि मालावर फरशी. हातोडीच्या दांड्यानं ठोकायचं, कान देऊन ऐकायचं, खाली पोकळ वाजलं की फरशी उचलून माल पुन्हा सारखा करायचा. मग वीतभर मागे सरकायचं. साहेबराव मिस्त्री असे मागे मागे सरकत अर्ध्या लातूर जिल्ह्यातून फिरले होते.

जन्म धर्मांतराच्या सालचा. बाहत्तरच्या दुष्काळात शाळा सुटली ती सुटलीच. आईचा हात धरून ते खडी फोडायला गेले आणि दगड कुठे मारला की कुठे फुटतो हे तिथेच शिकले. पुढे एका शहाबादकडच्या मिस्त्रीच्या हाताखाली माल कालवला, दोरी धरली, शिव्या खाल्ल्या आणि ब्याऐंशीला उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला तेव्हा स्वतः मिस्त्री झाले. जिल्हा नवा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, क्वार्टर आले, गोदामं आली आणि या सगळ्यांच्या खाली फरशी आली. नव्या जिल्ह्यानं सामान्य माणसाला काय दिलं, असं भाषणात कुणी तावातावानं विचारलं की साहेबराव शेजारच्याला हळूच म्हणत, "मला लई दिलं बाबा, मला इचारा की."

सरकारी काम बरं असे. तिथे फरशी कुणी बसवली याच्याशी कुणाला देणंघेणं नसे. खासगी घरांत मात्र तऱ्हा होत्या. काही घरांत चहा घरच्या कपात मिळे. काही घरांत कोनाड्यातला वेगळा ग्लास निघे, तोही आपला आपण विसळून ठेवायचा. एका घरी तर शेवटची फरशी बसली, साहेबराव अंगणात हत्यारं धुवत होते आणि घरची बाई नव्या फरशीवर गोमूत्र शिंपडत फिरत होती. ज्या फरशीवर हा माणूस दोन आठवडे रांगला तीच फरशी. साहेबरावांनी हत्यारं पुसून पिशवीत भरली. बोलून काम जातं, हे त्यांना ठाऊक होतं. पण नव्या घराच्या उंबऱ्यात पाय ठेवताना हे घर कसलं, याचा अंदाज घ्यायची सवय अंगात भिनली. ही सवय माणसाला फार दमवते. गुडघा निदान रात्री निजल्यावर तरी थांबतो.

गुडघा दुखायला लागला तो आतल्या बाजूनं. आधी थंडीत, मग बारा महिने. पाय किंचित बाकदार दिसू लागला. बायको चांगुणा म्हणायची, "आवं दाखवा की कुठं तरी." हे म्हणायचे, "हे एक काम उरकतो." असं करता करता पंधराचा पावसाळा कोरडा गेला, त्याआधीचाही धड नव्हताच. सोळाच्या सुरुवातीला प्यायला पाणी मिळेना तिथे माल कालवायला कोण देणार? बांधकामं जागच्या जागी थांबली. पुढे तर लातूरला आगगाडीनं पाणी आणायची पाळी आली. साहेबराव घरी बसले, आणि घरी बसल्यावर गुडघा जास्तच दुखू लागला.

थोरली मुलगी पंचशीला उमरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती आली आणि म्हणाली, "बाबा, नाही तरी काम बंद आहे. नांदेडला एका ट्रस्टचं शिबिर आहे, डॉक्टर चांगले आहेत, खर्च ट्रस्ट करतं. गुडघा उरकून घ्या."

साहेबरावांपुढे एकच अडचण होती, ती विहाराची. त्यांच्या वस्तीत विहाराचा नवा हॉल उभा राहिला होता. भिंती झाल्या, स्लॅब पडला, फक्त फरशी राहिली. शहाबादीचा ट्रक उतरून ठेवला होता. यंदा धर्मांतराला साठ वर्षं होणार, तेव्हा अशोक विजयादशमीची वंदना नव्या फरशीवर व्हायची, असं विहार समितीच्या श्रीमंतराव वाघमाऱ्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. फरशी साहेबराव बसवणार होते, मजुरी न घेता. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात रांगलो, एक हॉल आपल्यांसाठी करून जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. हे झालं की हत्यारं माळ्यावर टाकायची. श्रीमंतरावांनी तर तेव्हाच म्हटलं होतं, "मिस्त्री, एक टँकर मिळवतो मी कसं बी करून, फेब्रुवारीतच बसवून टाका."

साहेबराव म्हणाले, "घाई कामून करता? आता पाणी लोकाच्या तोंडचं काढून सिमेटात घालायचं का? पाऊस पडू द्या, नव्या गुडघ्यानं बसवतो, मस्त."

सगळ्यांना ते पटलं. न पटण्यासारखं त्यात होतं तरी काय?

नांदेडच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर बसलिंगप्पा होता. उदगीरकडचा लिंगायत शेतकरी, साहेबरावांच्याच वयाचा, तोंडाचा मोठा मोकळा. दोघांचं ऑपरेशन एकाच दिवशी, एकाच डॉक्टरांकडे, एकच. आख्खा गुडघा बदलायचा नाही, झिजलेली आतली बाजू तेवढी बदलायची. फरक इतकाच की बसलिंगप्पा स्वतःच्या खर्चानं आला होता आणि साहेबराव शिबिरातून.

"निम्माच गुडघा म्हणजे एसटीचं हाफ तिकिट की हो हे," बसलिंगप्पा म्हणायचा. साहेबरावांचं काम काय ते त्यानं पहिल्याच दिवशी काढून घेतलं. "आमचं उदगीर जिल्हा हुणार म्हणून राहिलेत लोक. झालं की कलेक्टर हापिसची फरशी तुमीच बसवायची मिस्त्री. मी सांगतो तितं."

"तुमी कोण सांगणारे?"

"मी उदगीरचा हाय की!"

दोघं पोटभर हसले. बसलिंगप्पाची बायको डब्यातून भाकरी आणि शेंगाचटणी आणायची आणि साहेबरावांनाही वाढायची. वाढताना हात जरा वर धरायची, चटणी वरून पडायची. साहेबरावांनी ते पाहिलं. बसलिंगप्पानं पाहिलं नाही. त्याला पाहायची गरज कधी पडलीच नव्हती.

घरी आल्यावर व्यायाम सुरू झाले. चांगुणा पायाला वाळूची पिशवी बांधून द्यायची आणि समोर बसून मोजायची. साहेबरावांनी एक दिवस चुकवला नाही. सपाटीला चालणं सुधारलं. दिवसभराचा ठणका गेला, आतल्या बाजूचं जुनं दुखणं नावाला उरलं नाही. पण खालून उठताना, जिना उतरताना गुडघ्याच्या पुढच्या अंगाला, वाटीच्या मागे, काहीतरी घासल्यासारखं व्हायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं. गुडघा जमिनीला टेकवायची तर सोयच नव्हती.

तिकडून बसलिंगप्पाचे फोन यायचे. "मिस्त्री, माडीवर चढून आलो." मग, "मिस्त्री, मांडी घालून जेवून राहिलो." मग एकदा शेतातूनच, "बांधावर बसलोय बगा. तुमचं कसं हाय?"

"बरं हाय," साहेबराव म्हणायचे आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायचे. मग चांगुणा चिडायची. "त्या माणसाला हुतंय, तुमाला कामून न्हाई? जीव लावून करत न्हाई तुमी." या बोलण्यानं साहेबराव फार दुखावले. जन्मभर त्यांना आळशी कुणी म्हटलं नव्हतं.

मग एके संध्याकाळी श्रीमंतराव ओट्यावर येऊन बसले आणि सहज म्हणाले, "मिस्त्री, राग मानू नका. फुकटच्या शिबिरात काय माल टाकत असतील? त्या उदगीरवाल्यानं पैसे मोजले, त्याला अस्सल टाकला असंल. तुमाला उरलासुरला."

ते बोलणं साहेबरावांच्या आत जाऊन बसलं. कारण फरशीतही एक नंबरचा माल असतो आणि दोन नंबरचा असतो. दिवाणखान्यात एक नंबर घालायचा, मागच्या खोलीत, गड्याच्या खोलीत दोन नंबर. किती मालकांनी हे त्यांच्याकडून करवून घेतलं होतं. दगडाचं होतं तर गुडघ्याचं का होणार नाही? हात वर धरून वाढलेली चटणी आठवली, कोनाड्यातले ग्लास आठवले, गोमूत्र आठवलं. सगळं एका रांगेत बसलं, सांधा कुठे दिसेना. त्या रात्रीपासून त्यांचा व्यायामातला जीव गेला. पिशवी बांधायची, पाय उचलायचा, पण मनात एकच, की दोन नंबरच्या मालावर मेहनत करून उपयोग काय.

यंदा पाऊस पडला, आणि पडला तो नको नको म्हणेपर्यंत पडला. सप्टेंबर उजाडला तेव्हा विहाराच्या दारातच पाण्याची टाकी भरलेली होती. आता कारण उरलं नाही. साहेबरावांनी दोरी बांधली, पाण्याच्या पाइपनं लेव्हल काढली, माल कालवून घेतला. समितीची चार माणसं कौतुकानं बघायला उभी होती. कोपऱ्यातली पहिली फरशी. पोत्याची घडी ठेवली, उजवा पाय पुढे रोवला आणि डावा गुडघा टेकवला.

टेकवला तो तसाच वर उचलावा लागला. दुसऱ्यांदा दात आवळून टेकवला. फरशी हातात घेतली आणि अंगाचा भार गुडघ्यावर आला तशी फरशी सुटून मालात तिरकी रुतली. साहेबरावांना उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उठवलं. माल तासाभरात वाळून गेला, आणि तो फोडून काढायचं काम दुसऱ्यानंच केलं. त्या दिवशी घरी आल्यावर साहेबराव रडले. चांगुणानं त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं आणि ती त्यांच्या पायाशी बसून राहिली.

पंधरा दिवसांनी नांदेडला दाखवायची तारीख होती. पंचशीला उमरीहून परस्पर आली. बसलिंगप्पाही आला होता, बाकावर चक्क मांडी घालून बसलेला. साहेबरावांना पाहून तो उठला, तेही हाताचा आधार न घेता. ते उठणं पाहूनच साहेबरावांचा संताप मस्तकात गेला.

डॉक्टरांनी तपासलं, गुडघा वाकवून वरून एक एक्स-रे काढायला लावला, तो पाहिला आणि पुन्हा तपासलं. साहेबरावांनी बोलायचं ठरवूनच आणलं होतं.

"साहेब, एक इचारू का? शिबिरातल्या माणसाला दुसरा माल बसवता का तुमी?"

"बाबा!" पंचशीला ओरडलीच.

डॉक्टरांचा चेहरा पडला. वयानं ते पंचशीलाएवढेच असतील. दारात उभा असलेला बसलिंगप्पा न बोलावताच आत आला आणि म्हणाला, "डॉक्टर, माझा पण फोटो काडलाय की आज. त्यांना दोन्ही दाखवा. मला चालतंय."

डॉक्टरांनी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावले. "काका, हा बसवलेला भाग बघा. दोघांचा एकच आहे. कंपनी एक, बनावट एक. आता वाटी बघा. बसलिंगप्पांची वाटी घराच्या छपरासारखी आहे, दोन्ही पाखं जवळपास सारखी. तुमची बघा. बाहेरचं पाख लांबच लांब आणि आतलं नावापुरतं. तुमची वाटी लहानपणापासून अशीच आहे. आपण गुडघ्याची आतली बाजू बदलली, वाटीला हात लावला नाही, तो लावायचाही नव्हता. पण अशी वाटी गुडघा वाकताना बाहेर ओढली जाते, तिथे घासते. सगळ्यांनाच त्याचा त्रास होतो असं नाही. अशा वाटीचे कितीतरी लोक मजेत फिरतात. काहींना मात्र पुढून दुखतं, उठबस जड जाते, सुधारायला वेळ लागतो. तुम्ही त्या काहींतले निघालात. व्यायाम बदलून देतो, अजून फरक पडेल."

साहेबराव त्या दोन चित्रांकडे बघत राहिले. छपराची गोष्ट त्यांना कळली. डॉक्टर खोटं बोलत नाहीत, हेही कळलं. खरं म्हणजे त्यांना हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. इतके महिने जपून ठेवलेला राग हातात तसाच राहिला आणि तो कुठे ठेवावा ते समजेना. जन्मभर कुठे काही वाईट झालं की ते आपल्या जातीमुळे का, हे तपासत बसायचं आणि बहुतेक वेळा ते त्यामुळेच निघायचं. यावेळी नव्हतं. यावेळी नुसता गुडघाच होता. हे तपासण्यातही माणूस किती झिजतो, याचा एक्स-रे कुणी काढत नाही.

"मंग गुडघ्यावर कवा बसता येईल?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्यावर कशाला बसायचंय?"

"आवो डॉक्टर," बसलिंगप्पा म्हणाला, "फरशी बसवतो ना हा माणूस. जलमभर गुडघ्यावरच काम त्याचं."

डॉक्टर साहेबरावांकडे बघत राहिले. "फरशी? पण तुम्ही तर कॉन्ट्रॅक्टर ना? मी ऑपरेशनच्या आधी मुद्दाम विचारलं होतं, गुडघ्यावर बसायचं काम आहे का म्हणून. नाही, उभं राहून देखरेख करतात, असं सांगितलं मला."

सांगणारी कोण होती, हे कुणी विचारलं नाही. पंचशीला खाली मान घालून उभी होती.

"ठाऊक असतं तर?" साहेबरावांनी हळूच विचारलं.

"ऑपरेशन हेच केलं असतं, काका. यात दुसरं काही चांगलं नव्हतं. पण तुम्हाला आधी सांगितलं असतं की गुडघ्यावर बसायचं काम पुन्हा जमेल याची खात्री नाही. एखादं काम राहिलं असेल तर आधी ते उरका, ऑपरेशनची घाई नाही, असं म्हटलं असतं." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आता मात्र गुडघा टेकवू नका. खरंच टेकवू नका."

फेब्रुवारीत श्रीमंतराव टँकर आणत होते. दुखऱ्या का होईना, पण जुन्या गुडघ्यावर तेव्हा बसता येत होतं. ओरडत, थांबत, पोतं दुहेरी करून महिनाभरात हॉल झाला असता. साहेबरावांनी हे सगळं एका क्षणात मनाशी बांधून पाहिलं आणि मग ते बाहेर येऊन बाकावर बसले. बसलिंगप्पा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला, मग चहा आणतो म्हणून निघून गेला.

पंचशीला शेजारी बसली. रडून तिचा आवाज बसला होता. "मला लाज वाटली म्हणून नाही सांगितलं, बाबा. शपथ घेऊन सांगते. मिस्त्री म्हटलं की लोक लगेच अरे-तुरेवर येतात. लहानपणापासून ऐकत आले मी. इथे तरी तुम्हाला कुणी अरे म्हणू नये, नीट बोलावं, नीट बघावं, एवढंच होतं मनात."

साहेबरावांना आठवलं, डॉक्टरांनी खरंच एकदाही अरे म्हटलं नव्हतं. पोरीनं मागितलं ते पोरीला मिळालं होतं. आणि आणखीही एक आठवलं. हिच्या लग्नाच्या पत्रिकेत 'साहेबराव सोनकांबळे, कॉन्ट्रॅक्टर' असं छापायला त्यांनी स्वतः सांगितलं होतं, आणि पत्रिका हातात आल्यावर तो शब्द चारचौघांत मोठ्यानं वाचूनही दाखवला होता. तेव्हा पंचशीला किती खूश झाली होती.

"बाबा, बोला ना काहीतरी. शिव्या तरी द्या."

"शिव्या द्यायला माणूस परका लागतो, पोरी," ते म्हणाले. "आन् मी आता लई बेजार झालोय."

तेवढ्यात फोन वाजला. चाकूरहून श्रीमंतराव होते. मोठ्यानं बोलायची त्यांची सवय, पंचशीलालाही सगळं ऐकू येत होतं. "मिस्त्री, काय म्हणला डॉक्टर? दसरा तोंडावर आलाय, फरशीचं काय करायचं?"

"लातूरचे पोरं बोलवा, श्रीमंतराव. माझ्यानं आता हुणार न्हाई."

मग श्रीमंतराव उसळले, "म्हणजे मी म्हणलो तेच खरं निघालं की न्हाई! फसवलं ना डॉक्टरनं तुमाला? आपल्या माणसाला असंच करतेत हे. समितीकडनं अर्जच देऊ आपण."

पंचशीलानं वडिलांकडे पाहिलं. साहेबरावांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"न्हाई, न्हाई. डॉक्टरनं काई फसवलं न्हाई."

"मंग कुणी फसवलं?"

"कुणीच न्हाई हो," साहेबराव म्हणाले. "माझी वाटीच जलमापासून तशी हाय."